पराभूत उमेदवार : चिंतामणराव देशमुख



मागे एका हिवाळ्यात कामानिमित्त चंदीगडला जाण्याचा योग आला. मुक्काम मनीमाजरा येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी होता. रेल्वे स्थानकापासून ही वस्ती जवळच आहे. आखीवरेखीव चौकांच्या चंदीगड शहराहून ती पुष्कळ जुनी असून एके काळी ते एका लहानशा संस्थानाचे ठाणे होते. यजमान मूळचे नगर जिल्ह्यातले. सैन्यातील नोकरी चंडीमंदिरच्या छावणीत संपली आणि ते तेथेच स्थायिक झाले. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर चहा घेताना त्यांच्या मुलाने एक प्रश्न विचारला. चंदीगडला स्वतःची विधानसभा नाही. म्हणून राष्ट्रपतींच्या निवडणुकीत या शहराच्या वतीने मत देणारा, येथल्या मतदारांनी निवडलेला माणूस एकच, तो म्हणजे लोकसभेतला खासदार. त्या एका माणसाने मत देताना काय पाहावे, उमेदवाराचा अनुभव की तो निवडून येण्याची शक्यता, असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न राष्ट्रपतींचा असला तरी त्याच्यामागचे दुखणे घरचे होते. यजमान ज्या मंडळीचे सभासद आहेत तिच्या कमिटीची निवडणूक जवळ आली होती. एका नावाला अनेक वर्षांचा अनुभव होता, पण ते निवडून येईल असे कोणालाच वाटत नव्हते. दुसरे नाव सहज निवडून येणारे होते, पण त्या माणसाने कधी एखाद्या सभेचे इतिवृत्तही लिहिले नव्हते. वडील एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला होता. त्या संध्याकाळी माझ्याकडून समाधानकारक उत्तर दिले गेले नाही. परतीच्या प्रवासात मात्र मला एका थोर मराठी गृहस्थांची सतत आठवण येत राहिली. ते होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचे ‘सी. डी.’ १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते आणि ते हरले. त्यांचे जीवन आपल्यापुढे ठेवणे हेच त्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर ठरेल असे मला वाटते.

रायगडाच्या पायथ्याचा मुलगा

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. वडील रोह्याला वकिली करीत. मुलाची बुद्धी तीव्र होती आणि शिस्त त्याहूनही कडक. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे ते इंग्लंडला गेले व केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान शिकले. वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळवून १९१७ साली ते पदवीधर झाले. झाडाझुडपांची ही ओढ त्यांना जन्मभर राहिली. मोठमोठ्या पदांवर असतानाही सकाळचा वेळ बागेत घालवणारा हा माणूस होता.

१९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत ते सर्वप्रथम आले. त्या सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. ही नोकरी सोडून देशकार्यात पडावे काय, असे तरुण देशमुखांनी त्यांना विचारल्याची आठवण सांगितली जाते. कारभाराचा अनुभव घ्या, स्वराज्य आल्यावर तो देशाच्या उपयोगी पडेल, असा सल्ला लोकमान्यांनी दिला म्हणतात. परक्या सत्तेच्या दरबारात राहून आपल्या लोकांसाठी तयार होणे ही गोष्ट पवित्र शास्त्राच्या वाचकांना नवी नाही. फारोच्या घरी योसेफ आणि बाबेलच्या राजवाड्यात दानीएल हेच करीत होते.

फाइलींमागची वर्षे

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे देशमुखांनी मध्य प्रांत व वऱ्हाडात काढली. ते जिल्ह्याचे अधिकारी झाले, जमाबंदीचे अधिकारी झाले, पुढे महसूल व अर्थखात्यांचे सचिव झाले. वाचकहो, जमाबंदी म्हणजे काय हे जुन्या शेतकरी कुटुंबांना सांगावे लागत नाही. गावोगाव जाऊन जमिनीचा मगदूर पाहायचा, कागद तपासायचे आणि सारा ठरवायचा. तो एकदा ठरला की पुढची कितीतरी वर्षे त्या शेतकऱ्याच्या मानेवर राहतो. अधिकाऱ्याची चूक त्याच्या स्वतःच्या घरी कधीच पोहोचत नाही, ती दुसऱ्याच्या घरी पोहोचते. अशा कामात जो माणूस घडतो त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. महायुद्धाची धामधूम चालू होती, महागाई वाढत होती, बंगालमध्ये माणसे उपाशी मरत होती. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची पायाभरणी करणारी परिषद भरली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते.

मग फाळणी आली. देश दोन झाले, पण पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक अजून उभी राहिलेली नव्हती. म्हणून जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांच्या चलनाचा कारभार पाहत होती. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना रक्त सांडत असताना आणि काश्मीरमध्ये लढाई चालू असताना, रोकड शिल्लक कोणी कोणाला किती द्यायची यावर वाद पेटला होता. त्या सर्व गोंधळात ज्याच्या हिशेबावर दोन्ही पक्षांना बोट ठेवता येऊ नये असा माणूस हवा होता. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि त्याच वर्षी जून अखेरीस देशमुख त्या पदावरून निवृत्त झाले.

१९५० साली अर्थमंत्री डॉ. जॉन मथाई यांनी राजीनामा दिला. मथाई हे केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजातले नामवंत अर्थशास्त्रज्ञ होते. नियोजन आयोगाला फार अधिकार दिले जात आहेत असे त्यांचे मत होते, आणि मताशी तडजोड करण्यापेक्षा त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी पंडित नेहरूंनी देशमुखांना आणले. पहिली पंचवार्षिक योजना, १९५५ साली इंपीरियल बँकेतून झालेली स्टेट बँक, १९५६ च्या प्रारंभी झालेले आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, ही सर्व कामे त्यांच्या कारकिर्दीतली. स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष झाले ते हेच डॉ. मथाई. मतभेदाने पद सोडलेल्या मनुष्याची योग्यता सरकार विसरले नाही, ही त्या काळाची एक चांगली खूण मानली पाहिजे.

देशमुखांनी १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आपल्या कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लढवली आणि ते निवडून आले. म्हणजे त्यांना मते मिळूच शकत नव्हती असे नाही, हे आपण लक्षात ठेवू या.

एक राजीनामा

आता मी आपल्याला पुन्हा मनीमाजऱ्याकडे क्षणभर नेतो. १९६६ साली पंजाब राज्याची पुनर्रचना झाली आणि चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश ठरला. त्या कायद्यात या प्रदेशाची हद्द सांगताना ज्या महसुली मंडळांची नावे घातली आहेत, त्यांत मनीमाजऱ्याचे नाव आहे. दोन राज्ये एका शहरावर हक्क सांगत होती, म्हणून ते शहर केंद्राने आपल्या हाती ठेवले. त्याच्या दहा वर्षे आधी नेमके हेच मुंबईच्या बाबतीत ठरले होते.

जानेवारी १९५६ मध्ये केंद्र सरकारने मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते, नेहरूंच्या विश्वासातले होते. त्यांनी राजीनामा दिला. पुष्कळ महिने तो लांबणीवर पडला. अखेर जुलै १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत उभे राहून आपली कारणे सांगितली. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट विचार न होता घेतला गेला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असा त्यांचा आक्षेप होता. त्या दिवशी महाराष्ट्राने या अबोल अधिकाऱ्याला खऱ्या अर्थाने ओळखले.

पद गेले, पण काम थांबले नाही. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पहिली पत्नी रोझिना १९४९ साली निवर्तल्या होत्या. १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई घटना समितीच्या सभासद होत्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या होत्या. देशमुखांनी कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत रचली. भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे अप्रूप वाटते. अर्थसंकल्पाचे आकडे मांडणारा हात एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेत घर शोधून देत होता.

१९६९

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच निधन पावले. काँग्रेसमध्ये तेव्हा दोन तट पडले होते. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी आणि दुसऱ्या बाजूला पक्षाचे जुने पुढारी. बंगलोरला पक्षाच्या संसदीय मंडळाने बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. इंदिराजींच्या मनात जगजीवन राम यांचे नाव होते. तरीही रेड्डींच्या अर्जावर इंदिराजींनी सही केली. पुढे मात्र काँग्रेसच्या आमदार-खासदारांनी आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे अशी भूमिका त्यांनी घेतली. उपराष्ट्रपती व हंगामी राष्ट्रपती असलेले व्ही. व्ही. गिरी आपल्या पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभे राहिले. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्र्याहत्तर वर्षांच्या चिंतामणराव देशमुखांना उभे केले.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. अनुभव एकट्या देशमुखांकडेच होता असे नाही. गिरी कामगार चळवळीत आयुष्य घालवलेले, सिलोनमध्ये भारताचे उच्चायुक्त राहिलेले, तीन राज्यांचे राज्यपाल झालेले गृहस्थ होते. रेड्डी आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री आणि लोकसभेचे सभापती होते. तिघांचा अनुभव तीन जातींचा होता. गिरींनी माणसे सांभाळली होती, रेड्डींनी पक्ष व सभागृह, तर देशमुखांनी संस्था उभारल्या होत्या. राष्ट्रपतीला यांपैकी कोणता अनुभव अधिक लागतो, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न होता. पण त्या उन्हाळ्यात तो प्रश्न फार थोड्यांनी विचारला. कोणता उमेदवार निवडून आला म्हणजे आपल्या गटाचे बळ वाढेल, हाच विचार सगळीकडे चालला होता.

देशमुखांना ज्यांनी उभे केले तेही या दोषातून मुक्त नव्हते. देशमुख त्या दोन्ही पक्षांचे सभासद नव्हते. जिंकण्याइतकी मते आपल्याजवळ नाहीत हे त्या पक्षांना ठाऊक होते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम देतो. म्हणून त्या पक्षांची दुसऱ्या पसंतीची मते कोणाकडे जातील यावर पडद्याआड पुष्कळ बोलणी झाली. काँग्रेसच्या अध्यक्षांनी या पक्षांच्या पुढाऱ्यांच्या गाठी घेतल्या, आणि त्याच गोष्टीचे निमित्त होऊन त्यांच्या पक्षातील तेढ वाढली. एका स्वच्छ नावाचा उपयोग थोडासा सोंगटीसारखा झाला, हे नाकारता येणार नाही. आपल्या पाठीशी कोण उभे आहे आणि का, हाही उमेदवाराने आणि मतदारानेही तोलायचा विषय आहे.

१६ ऑगस्टला मतदान झाले. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ धरले जाई. मतमोजणीत पहिल्या पसंतीची मते अशी पडली : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयाला ४,१८,१६९ लागत होती. कोणालाच तेवढी नव्हती. मग मागे पडलेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मते वाटली गेली. देशमुखांची बहुतेक मते रेड्डींकडे गेली, तरी ती पुरली नाहीत. गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. आपल्या देशात राष्ट्रपतींची निवड दुसऱ्या पसंतीपर्यंत गेल्याचा हा एकच प्रसंग आहे. त्या वेळी चंदीगडचे खासदार श्रीचंद गोयल हे जनसंघाचे होते. मतदान गुप्त असते, म्हणून त्यांनी कोणाला मत दिले हे सांगता येत नाही. पण मनीमाजऱ्याच्या वतीने दिल्लीत मत देणारा तो एक माणूस देशमुखांना उभे करणाऱ्या पक्षातला होता, हे खरे.

पुढची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. १९६९ साली हरलेले रेड्डी १९७७ साली त्याच पदावर बिनविरोध निवडून आले. आठ वर्षांत रेड्डी फारसे बदलले नव्हते, वारा बदलला होता. निवडून येण्याची शक्यता ही अशी वाऱ्यावरची वस्तू असते.

देशमुख हैदराबादला दुर्गाबाईंच्या कामात, बागेत आणि ग्रंथांत रमले. १९७४ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांनीही हैदराबाद येथे देह ठेवला.

एका हिब्रू शब्दाची अडचण

वाचकहो, मराठीत ‘अनुभव’ हा जुना, रुळलेला शब्द आहे. निवडून येण्याच्या गुणाला मात्र आपल्याकडे एकही धड शब्द नाही. म्हणून निवडणुकीच्या हंगामात आपले पुढारी ‘इलेक्टिव्ह मेरिट’ असे म्हणतात आणि वर्तमानपत्रेही तसेच छापतात. हा गुण मोजताना जात, पैसा आणि कार्यकर्ते यांची बेरीज केली जाते, हे आपण सर्व जाणतो.

ही बेरीज फार जुनी आहे. शास्ते या पुस्तकाचा नववा अध्याय आपण पुन्हा वाचावा अशी माझी विनंती आहे. गिदोनाचा मुलगा अबीमलेख शखेमच्या लोकांकडे गेला. मी तुमच्याच हाडामांसाचा आहे, एवढेच त्याने त्यांना पटवले. आपला माणूस म्हणून त्यांनी देवळातून सत्तर रुपये चांदी काढून दिली. त्या पैशाने त्याने उनाड माणसे मजुरीवर ठेवली आणि आपल्या सत्तर भावांचा घात केला. वाचलेल्या योथामाने गरिज्जीम डोंगरावरून झाडांचा दाखला सांगितला. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी राजा होण्याचे नाकारले आणि शेवटी काटेरी झुडूप राजा झाले. हा दाखला गिरी किंवा रेड्डी यांच्यासाठी मी सांगत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. मी तो आपल्यासाठी सांगत आहे. फळ देणारी झाडे आपल्या कामात मग्न राहिली, त्यांचे काम मोलाचे होते, तरी रान झुडपाच्या हाती गेले. देशमुखांनी नकार दिला नाही. हरण्याची शक्यता समोर दिसत असताना, त्र्याहत्तराव्या वर्षी, ते उभे राहिले. याबद्दल त्यांचा मान राखला पाहिजे.

पण माझ्या मनात सर्वांत अधिक घोळते ते अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील एक वचन. मोशे लोकांना आपापल्या वंशांतून पुढारी निवडायला सांगतो. ते कसे असावेत याबद्दल तो तीन विशेषणे वापरतो. पहिली दोन शहाणपण आणि समज यांची. तिसऱ्या हिब्रू शब्दाचे मूळ ‘जाणणे’ या क्रियापदात आहे. तेथे भाषांतरकारांची वाट फुटते. कोणी त्याचा अर्थ जाणते, म्हणजे अनुभवी असा करतात. कोणी माहीत असलेले, लोकांत नाव असलेले असा करतात. अनुभव आणि निवडून येण्याची योग्यता, ज्यांच्यावरून आपण भांडतो, त्या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात शेजारी शेजारी बसल्या आहेत. ज्या वंशांत माणूस वावरला, राबला, न्यायाने वागला, त्याच वंशांत त्याचे नाव व्हावे, अशी तेथे अपेक्षा दिसते. कामामुळे झालेली ओळख, हीच ती निवडून येण्याची खरी योग्यता.

अबीमलेखाची ओळख रक्ताची आणि चांदीची होती, तिच्यामागे काम नव्हते. देशमुखांकडे काम डोंगराएवढे होते, पण ज्यांच्या हाती मते होती त्यांच्यात त्या कामाची ओळख पोहोचली नव्हती. यात थोडा दोष त्यांच्या स्वभावाचा असेल. ते फाइली, बँका, विद्यापीठे यांच्या जगातले होते. पक्षाच्या शाखांत, गावच्या पारावर ते दिसत नसत. लोकशाहीत लोकांचा विश्वास मिळवणे हाही एक गुण आहे आणि त्याला तुच्छ मानता येत नाही. परंतु मोठा दोष निवडणाऱ्यांचा होता. महाराष्ट्राने ज्याला १९५६ मध्ये डोक्यावर घेतले, त्याचे नाव देशापुढे मांडण्याची आठवण काही आठवड्यांवर निवडणूक येईपर्यंत कोणाला झाली नाही.

मनीमाजऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर

मी स्वतः या दोषातून सुटलेलो नाही. अनेक वर्षांपूर्वी एका मंडळीच्या सभेत एका वडील माणसाचे नाव सुचवावे असे माझ्या मनात आले होते. त्यांनी वीस वर्षे मंडळीचे हिशेब ठेवले होते. पण त्यांना मते मिळणार नाहीत असे वाटले, आणि मी गप्प बसलो. जो निवडून येणार होता त्यालाच मत दिले. दोन वर्षांनी हिशेबाची वही कोणाजवळ आहे हेच कोणाला सांगता येईना. त्या वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते आता प्रभूजवळ आहेत. त्यांचे नाव सुचवले असते तर ते हरलेच असते, असे मला अजूनही वाटते. पण सुचवले असते तर पाच-पंचवीस माणसांनी तरी त्यांच्या कामाचा विचार केला असता.

म्हणून त्या मनीमाजऱ्याच्या तरुणाला आणि आपल्याला माझे सांगणे असे. प्रथम चारित्र्य पाहा. इथ्रोने मोशेला सांगितलेल्या गुणांत देवाचे भय आणि लाचेचा तिटकारा आहे. ते नसेल तर पुढचा विचार करू नका. नंतर अनुभव पाहा आणि तो या पदाला लागणारा आहे काय ते विचारा. दुसऱ्या कामातला अनुभव येथे उपयोगी पडेलच असे नाही. त्यानंतर निवडून येण्याचा विचार अवश्य करा. पण तो करताना, याला मते मिळतील काय, एवढ्यावर थांबू नका. याचे काम लोकांना कळावे म्हणून मी काय केले, असे स्वतःला विचारा. योग्य माणूस लोकांना माहीत नसेल तर ते त्याच्या एकट्याचे अपयश नाही. निवडणुकीच्या आधी वर्ष-दोन वर्षे त्याला उपासनेत, शब्बाथशाळेत, हिशेबाच्या वाचनात लोकांसमोर आणणे हे आपल्या हातात असते. तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या हाताखाली इतिवृत्त लिहायला शिकावे. म्हणजे काही वर्षांनी वडील आणि मुलगा यांना दोन बाजूंना बसावे लागणार नाही.

आणि एवढे करूनही योग्य माणूस हरला तर? प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात दोन नावे पुढे ठेवली गेली. दोघेही प्रभू येशूच्या सेवेच्या आरंभापासून सोबत असलेले, म्हणजे दोघेही अनुभवी. मत्थियाची निवड झाली, बर्सबा म्हटलेल्या योसेफाची झाली नाही. तो नालायक ठरला असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. चिंतामणराव देशमुखांनाही मते कमी पडली. पण त्यांनी घडवलेल्या संस्थांत आजही रोज सकाळी दारे उघडतात आणि कामे सुरू होतात.

येत्या निवडणुकीत, मग ती देशाची असो, राज्याची असो वा आपल्या लहानशा मंडळीची, चिठ्ठी हातात घेण्यापूर्वी आपण क्षणभर गुडघे टेकू या. माणूस बाहेरचे स्वरूप पाहतो आणि परमेश्वर अंतःकरण पाहतो, हे इशायाच्या घरी शमुवेलालासुद्धा शिकावे लागले. तेच आपल्यालाही शिकवावे म्हणून आपण त्याच्याजवळ प्रार्थना करू या.